हिवाळ्यासाठी वेगळी चाके

आषाढ लागला आणि बांध्या पाण्याने भरल्या की वारासिवनीच्या परिसरात एक दृश्य हमखास दिसते. ट्रॅक्टरची नेहमीची रबरी चाके चिखलणीच्या कामी अपुरी पडतात. त्यांच्या खाचा चिखलाने बुजून जातात आणि चाक जागच्या जागी गरगर फिरत राहते. म्हणून त्या दिवसांत त्यांच्या जागी, किंवा त्यांच्या जोडीला, पिंजऱ्यासारखी लोखंडी चाके चढवितात. रोवणी आटोपली की ती उतरवून कोठीच्या भिंतीशी उभी करतात. (आम्हां किनाऱ्याकडील लोकांच्या तोंडी 'लावणी' हा शब्द, 'रोवणी' अंगवळणी पडावयास मला दोन पावसाळे लागले.) तीच लोखंडी चाके डांबरी रस्त्यावर नेली तर रस्ता उखडतो. तात्पर्य, चाक चांगले की वाईट हे त्याच्याखाली जमीन कोणती आहे त्यावर ठरते.

हे सांगण्याचे कारण असे की दहावीच्या वर्गातील एका मुलाने मला एक छायाचित्र दाखविले. त्याचे एक आप्त जर्मनीत असतात. त्यांच्या ठेंगण्या, वेगवान, दोन दारांच्या मोटारीची रुंद व झगझगीत चाके काढून तेथे बारीक, साधी चाके बसविलेली दिसत होती. "गुरुजी, एवढी सुंदर चाके काढून ही दरिद्री चाके कशाला?" असा त्याचा प्रश्न होता. माझा विषय इतिहास. परंतु प्रश्न चांगला होता, म्हणून त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

प्रथम रबराविषयी. उन्हाळी टायरचे रबर उष्ण रस्त्यावर न विरघळता टिकावे अशा बेताने केलेले असते. हवा सुमारे ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेली की ते हळूहळू कडक होऊ लागते आणि रस्त्याला धरून राहण्याचा त्याचा गुण कमी होतो. बर्फ पडलेला नसला तरीही हे घडते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. हिवाळी टायरचे मिश्रण थंडीतही मऊ राहते. शिवाय त्याच्या पृष्ठभागावर असंख्य बारीक चिरा असतात. चाक फिरताना त्या उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फाला चावा घेतात. फिनलंडमधील एका कारखान्याने १९३४ साली मालमोटारींसाठी असा पहिला टायर काढला आणि १९३६ साली लहान मोटारींसाठी 'हक्कापेलिट्टा' नावाचा. पुढे टायरांत लोखंडी खिळे बसविण्याची पद्धतही रूढ झाली. परंतु ते खिळे कोरडा रस्ता खरवडून धुरळा उठवितात, म्हणून जपानने १९९० साली कायदा करून त्यांवर निर्बंध घातले.

आता आकडे. टायरच्या बाजूवर २१५/४५ आर १७ असे काही लिहिलेले असते. यातील २१५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ४५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची; परंतु ती मिलिमीटरमध्ये नव्हे, तर रुंदीच्या शेकडा ४५. 'आर' हे अक्षर आतील दोऱ्यांची ठेवण सांगते. ते चाकाच्या मध्याकडून आऱ्यांप्रमाणे बाहेर जातात. या रचनेचा हक्क मिशेलिन कंपनीने १९४६ साली नोंदविला. आणि १७ म्हणजे रिमचा व्यास, तो मात्र इंचांत! एकाच ओळीत मिलिमीटर, शेकडेवारी आणि इंच अशी ही खिचडी आहे. ती कोणी मुद्दाम शिजविली नाही. निरनिराळ्या काळांतील सवयी एकीवर एक साचत गेल्या.

आपल्या सायकलचा हिशेब याहून सरळ आहे. मोठ्या सायकलच्या टायरवर २८ × १½ असे लिहिलेले असते. बाहेरचा व्यास २८ इंच. त्यातून दोन्ही बाजूंची दीड-दीड इंच जाडी वजा केली की २५ इंच उरतात, म्हणजे ६३५ मिलिमीटर. त्याच टायरवर ४०-६३५ असा दुसरा आकडाही पुष्कळदा आढळतो. घरी जाऊन पाहा.

मोटारीचे उदाहरण म्हणून टोयोटा कंपनीची '८६' नावाची क्रीडामोटार घेऊ. ती २०१२ साली निघाली. तिच्या एका प्रकाराला वर दिलेले २१५/४५ आर १७ या मापाचे टायर होते. २१५ चे शेकडा ४५ म्हणजे ९६.७५, भिंत वर व खाली अशी दोनदा येते, म्हणून १९३.५. त्यात १७ इंचांचे ४३१.८ मिळविले की चाकाचा एकूण व्यास ६२५.३ मिलिमीटर होतो. याच गाडीच्या साध्या प्रकाराला २०५/५५ आर १६ हे माप होते. तोच हिशेब करून त्याचा व्यास ६३१.९ येतो. रिम एक इंचाने लहान झाली, रुंदी कमी झाली, भिंत उंच झाली. पण सगळे चाक मिळून फरक पडला जेमतेम शेकडा एकाचा. हिवाळी चाक निवडण्याची सगळी युक्ती येथे आहे. आतले आकडे बदलावे, बाहेरचा घेर मात्र जवळजवळ तोच राहावा.

घेराचा एवढा आग्रह का? कारण गाडीचे वेगदर्शक यंत्र रस्ता पाहत नाही, ते चाकाचे फेरे मोजते. पहिले चाक एका किलोमीटरात सुमारे ५०९ फेरे घेते, दुसरे सुमारे ५०४. एवढा फरक खपून जातो. परंतु कोणी अज्ञानाने २०५/६० आर १६ बसविला, तर व्यास ६५२.४ होईल. मग काटा जेव्हा १०० दाखवील तेव्हा यंत्र मुळात अचूक असले तरी गाडी १०४ च्या वर धावत असेल, आणि वळणावर टायर आतल्या पत्र्याला घासण्याचा संभव निराळाच. उलट २०५/४५ आर १६ बसविला, तर व्यास ५९०.९ भरून गाडी सतरा मिलिमीटर खाली बसेल. ज्या दिवसांत रस्त्यावर बर्फाचे ढेकूळ असायचे, त्याच दिवसांत गाडीचे पोट खाली आणणे हे शहाणपणाचे नव्हे.

आता त्या मुलाचा मूळ प्रश्न: बारीक का? माणसासह गाडी सुमारे १३०० किलो धरली, तर एका चाकावर ३२५ किलो येतात. हवा ३५ पौंड असेल, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर जवळजवळ अडीच किलो दाब होतो. भागाकार केला की चाक जमिनीला टेकते ती जागा सुमारे १३२ चौरस सेंटिमीटर येते. आपले पोस्टकार्ड १४ गुणिले ९, म्हणजे १२६ चौरस सेंटिमीटरचे. अशा चार पोस्टकार्डांवर ती सगळी गाडी आणि तिच्यातील माणसांचे प्राण उभे असतात! हिशेब ढोबळ आहे, पण दिशा खरी आहे. रुंद टायर लावला म्हणून पोस्टकार्ड फारसे मोठे होत नाही. ते नुसते आडवे होते. बारीक टायरचे पोस्टकार्ड उभे असते. वितळलेल्या बर्फाच्या राबडीतून जाताना आडवे पोस्टकार्ड पुढे ढीग लोटते व त्यावर तरंगू लागते. उभे पोस्टकार्ड नांगराच्या फाळासारखे वाट कापत तळाच्या घट्ट जमिनीपर्यंत पोचते. कोरड्या रस्त्यावर भरवेगात वळताना मात्र रुंद चाकच सरस, आणि निव्वळ काचेसारख्या बर्फावर रुंदीपेक्षा रबराचा मऊपणा अधिक कामाला येतो. तरीही बर्फ, राबडी व खड्डे हे तिन्ही जेथे आहेत तेथे बारीक टायर व उंच भिंत हीच निवड मला योग्य वाटते. बर्फाखाली झाकलेला खड्डा उंच भिंत सोसते. बुटक्या भिंतीच्या टायरात तो धक्का थेट रिमला बसतो.

मग रिम पंधरा इंचांची, चौदा इंचांची का नको? कारण रिमच्या पोटात ब्रेक असतो. क्रीडामोटारींचे ब्रेक मोठे; रिम फार लहान घेतली तर ती ब्रेकवर चढतच नाही. याशिवाय नटांच्या भोकांचे वर्तुळ जुळावे लागते. '८६' मध्ये ते १०० मिलिमीटर व्यासाचे असून भोके पाच आहेत. टायरला किती भार सोसेल तेही बाजूवर सांकेतिक अंकाने लिहिलेले असते; ९१ म्हणजे ६१५ किलो. त्यापुढील अक्षर वेगमर्यादेचे: 'एच' म्हणजे ताशी २१०, 'टी' म्हणजे १९० किलोमीटर.

काही लोक काटकसर म्हणून फक्त इंजिन ज्या चाकांना ओढते तीच दोन हिवाळी घेतात. ही काटकसर जिवावर बेतते. पुढची चाके धरून राहिली आणि मागची घसरली, तर गाडी भोवऱ्यासारखी फिरते. चारही चाके एकाच जातीची हवीत.

कायदेही याविषयी स्पष्ट आहेत. स्वीडनमध्ये १ डिसेंबर ते ३१ मार्च या काळात रस्त्यावर हिवाळी परिस्थिती असेल तर असे टायर लागतातच. जर्मनीत तारीख ठरलेली नाही, रस्त्याची स्थिती पाहून नियम लागू होतो. मात्र १ ऑक्टोबर २०२४ पासून तीन शिखरांचा डोंगर व त्यात हिमकण असे चिन्ह असलेले टायरच हिवाळी म्हणून धरले जातात.

आपल्या गावी पहाटे शेकोटी पेटते, पण रबर कडक व्हावे एवढी थंडी दिवसभर टिकत नाही. म्हणून येथे हिवाळी टायर घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय. पोस्टकार्डाचा हिशेब मात्र येथेही लागू आहे. काही तरुण मोटारसायकलला शोभेसाठी ठरल्या मापाहून रुंद टायर चढवितात आणि खाचा झिजून त्याचा गोटा झाला तरी तो चालवीत राहतात. भर पावसात त्या टायरखालचे पाणी निघून जावयास वाट नसते. मोटारीच्या टायरच्या खाचांत मधूनमधून आडवे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आले की खाच १.६ मिलिमीटरच उरली असे समजावे. वडिलांची वा काकांची गाडी दारात उभी असेल तर ते शोधून काढा.

जर्मनीतील मंडळी उतरवलेल्या चाकांवर खडूने खूण करून ठेवतात: हे पुढचे डावे, हे मागचे उजवे. मग वसंतात तीच चाके योग्य जागी परत चढविता येतात.