ओट्यावरच्या खुर्च्या धुताना अ‍ॅसिड कशाला?

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो आणि त्याच सुमारास पनवेलचा पाऊसही परतीला लागतो. रायगड जिल्ह्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एवढे पाणी अंगावर घेतलेल्या आपल्या दाराबाहेरच्या वस्तू तेव्हा बघवत नाहीत. प्लास्टिकची खुर्ची काळी-हिरवी पडलेली, लोखंडी बाकाला गंज चढलेला, बाजेच्या सुंभाला कुबट वास, विहारामागे रचलेल्या खुर्च्यांत पाणी साठलेले.

नवीन पनवेलच्या वस्त्यांत घर एका खोलीचे असले की ओटा हीच बैठक असते. म्हातारी माणसे दिवसभर तिथे बसतात, मुले तिथेच अभ्यास करतात, तान्ह्या बाळाला तेल लावायचे ते तिथेच. म्हणून ही साफसफाई दिखाव्याची नाही. बुरशी धरलेल्या बाजेवर दम्याचा माणूस झोपला तर त्याचा खोकला वाढतोच. पण हे साफ करण्यासाठी आपण जे वापरतो, ते मळापेक्षा वाईट असते, आणि आम्हाला आज त्याबद्दल बोलायचे आहे.

दुकानात 'फरशीचे अ‍ॅसिड' म्हणून बाटली मिळते. ते हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात आदेश दिला की अ‍ॅसिड विकताना दुकानदाराने नोंदवही ठेवावी, गिऱ्हाईकाचे ओळखपत्र पाहावे, कशासाठी हवे ते लिहून घ्यावे आणि 18 वर्षांखालच्या मुलांना ते देऊच नये. हा आदेश अ‍ॅसिडहल्ले रोखण्यासाठी होता. तरीही मुलाला पाठवून अ‍ॅसिड आणवणारी घरे आहेत, आणि आणलेले अ‍ॅसिड थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत ओतून मोरीत ठेवणारीही. तहानलेले मूल बाटलीचा आकार ओळखते. आत काय आहे ते त्याला कसे कळणार?

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. अ‍ॅसिडने डाग निघाला नाही की त्यावर ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर टाकायची, दोन्ही मिळून जोर वाढेल, असा समज घरोघर आहे. जोर वाढत नाही, वायू तयार होतो. त्याचे नाव क्लोरिन. 22 एप्रिल 1915 रोजी पहिल्या महायुद्धात बेल्जियममधल्या ईप्र येथे जर्मन सैन्याने शत्रूवर सोडला तो हाच वायू. तो हवेपेक्षा जड असल्याने खाली, जमिनीलगत साचतो. म्हणजे वाकून फरशी घासणारी बाई आणि रांगणारे मूल यांना तो आधी गाठतो. बंद मोरीत किंवा चाळीच्या अरुंद बोळात तो लवकर निघूनही जात नाही.

डोळे चुरचुरले, घसा धरला, खोकल्याची उबळ आली तर बादली उचलायलाही थांबू नका. सगळ्यांना घेऊन मोकळ्या हवेत या. छातीत घट्टपणा वाटला किंवा धाप लागली तर 108 वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. आधी बरे वाटून काही तासांनी त्रास वाढू शकतो, तेव्हा 'जरा पडते, बरे वाटेल' असे म्हणून झोपून जाऊ नका. अंगावर किंवा डोळ्यात अ‍ॅसिड उडाले तर नळाच्या वाहत्या पाण्याने निदान 20 मिनिटे धुवा. वर सोडा, लिंबू, टूथपेस्ट, हळद काही लावू नका. कोणी पोटात घेतले असेल तर उलटी करवू नका. जाताना जे अन्ननलिकेला भाजले ते येताना पुन्हा भाजते. मिठाचे पाणी पाजून उलटी करवलेली मुले आम्ही वॉर्डात पाहिली आहेत, आणि त्यांचे हाल सांगण्यासारखे नाहीत. बाटली सोबत घेऊन सरळ दवाखान्यात जा.

आता 'नैसर्गिक' या शब्दाकडे वळू. हल्ली मोबाईलवर घरगुती उपायांचा पूर आला आहे आणि त्यातले निम्मे उपाय एकमेकांत मिसळायला सांगतात. लिंबू आणि व्हिनेगर घरातले आहेत, पण दोन्ही आंबट, म्हणजे आम्लच. ब्लीचमध्ये लिंबू पिळले तरी क्लोरिन सुटतो. कोकणात वाळवी लागू नये म्हणून लाकडाला काजूच्या टरफलाचे तेल लावतात. ते शंभर टक्के झाडाचे आहे, पण हाताला लागले तर फोड येतात. कडुनिंबाचे तेल तान्ह्या मुलाच्या पोटात गेले तर विषबाधा होते. कापूर खाल्ला तर लहान मुलाला झटके येतात. ढेकणांसाठी बाजेला रॉकेल पुसण्याची जुनी रीत आहे, तीही सोडा. रॉकेल पेट घेते, आणि मुलाने घोटभर प्यायले तर ते फुप्फुसात उतरते. तेव्हा वस्तू झाडाची की कारखान्याची हे विचारण्याआधी दोन गोष्टी विचारा: ती कशात मिसळणार आहोत, आणि ती मुलाच्या हाती लागली तर काय होईल?

मग वापरायचे काय? दहातल्या नऊ कामांना साबण, पाणी, ब्रश आणि ऊन एवढेच पुरते. हे ऐकून बायका हसतात, कारण यात विकत घेण्यासारखे काही नाही.

प्लास्टिकच्या खुर्चीपासून सुरू करू. आधी कोरड्या ब्रशने किंवा झाडूने माती काढा, नाहीतर तीच माती घासली जाऊन ओरखडे पडतात. अर्ध्या बादली कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन चमचे घाला. लिक्विड नसेल तर साबणाच्या वडीचा कीस चालतो. हे पाणी खुर्चीवर ओतून दहा मिनिटे तसेच राहू द्या. भिजलेला मळ निम्म्या मेहनतीत निघतो. मग काथ्याने किंवा मऊ ब्रशने घासा. तारेची घासणी प्लास्टिकवर कधीच नको. तिने खुर्ची त्या दिवशी लख्ख दिसते, पण पडलेल्या चरांत पुढच्या महिन्यात दुप्पट मळ बसतो. उरलेल्या डागांवर खाण्याचा सोडा थोड्या पाण्यात कालवून ओल्या फडक्याने चोळा. खुर्चीचा खालचा भाग आणि पायांचे कोपरे विसरू नका, शेवाळ तिथेच असते. स्वच्छ पाण्याने धुऊन उन्हात वाळवा.

एक मात्र खरे की जुनी पांढरी खुर्ची हाताला खडूसारखी भुकटी लागायला लागली असेल तर ती कशानेही पूर्ववत होणार नाही. उन्हाने प्लास्टिकच मोडत चालले आहे. अशी खुर्ची ठिसूळ होते आणि म्हातारे माणूस बसले की पाय मोडतो. मांडीचे हाड मोडण्यापेक्षा खुर्ची टाकलेली बरी.

रिठ्याचे पाणी ज्यांना करायचे असेल त्यांनी पंधरा-वीस रिठे फोडून बिया काढाव्यात, साल रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवावी, सकाळी दहा मिनिटे उकळून गाळून घ्यावे. फेस चांगला येतो. ते डोळ्यात मात्र फार झोंबते आणि दोन-तीन दिवसांत आंबते, म्हणून लागेल तेवढेच करा.

हिरव्या शेवाळावर आणि काळ्या ठिपक्यांवर व्हिनेगर कामाचे आहे. साधे पांढरे व्हिनेगर निम्मे आणि पाणी निम्मे, लावून अर्धा-पाऊण तास ठेवायचे, घासायचे, धुवायचे. हे फक्त प्लास्टिकसाठी. लोखंडाला लावले तर गंज वाढेल. शहाबादी किंवा कडप्प्याच्या ओट्यावर सांडले तर दगडाची झिलई जाईल, कारण हे चुनखडीचे दगड आम्लाने विरघळतात. अ‍ॅसिडने धुतलेला ओटा दोन वर्षांत खरखरीत होतो आणि मग मळ धरतो, त्याचे कारणही हेच. आणि व्हिनेगरमध्ये सोडा घालून जो फसफसणारा फेस व्हिडिओत दाखवतात, तो बघायलाच छान. दोघे एकमेकांना मारतात आणि उरते ते बहुतेक पाणीच. सोडा वापरायचा तर वेगळा, व्हिनेगर वेगळे.

तेलकट, चिकट मळाला धुण्याचा सोडा लिटरभर पाण्यात एक चमचा पुरतो. तो खाण्याच्या सोड्यापेक्षा तिखट असतो, हाताची कातडी सोलते, म्हणून रबरी मोजे घाला. अ‍ॅल्युमिनियमच्या खुर्चीला तो लावू नका, ती काळी पडते.

लोखंडी बाकावर किंवा खाटेवर गंजाचा डाग लहान असेल तर मीठ पसरून लिंबाच्या फोडीने चोळा, तासाभराने धुऊन लगेच कोरडे पुसा. गंज खोल गेला असेल तर लिंबाची नासाडी करू नका. पॉलिश पेपरने घासा, रेड ऑक्साइडचा हात द्या आणि वर रंग लावा. हे काम दिवाळीनंतर कोरड्या हवेत करायचे, म्हणजे पुढच्या पावसापर्यंत रंग टिकतो. गंजलेला पत्रा लागला की धनुर्वात होतो असे सगळे म्हणतात. गंजाने धनुर्वात होत नाही, त्याचे जंतू माती-शेणात असतात आणि खोल जखमेतून आत जातात. पण बाहेर पडलेल्या लोखंडावर माती असतेच. तेव्हा जखम साबण-पाण्याने धुवा आणि इंजेक्शन कधी झाले होते ते आठवत नसेल तर घेऊन टाका.

वेत आणि लाकूड यांना पाण्याने न्हाऊ घालू नका. साबणाच्या पाण्यात पिळलेले फडके फिरवून सावलीत, वाऱ्यावर वाळवा. लाकडाला अळशीचे तेल लावणाऱ्यांनी तेलाचे फडके बोळा करून कोपऱ्यात टाकू नये. ते आपोआप तापून पेटू शकते. दोरीवर पसरून वाळवावे.

बाजेतल्या ढेकणांना उकळते पाणी पुरते. सांध्यांत, गाठींत, भोकांत ओता, मग दिवसभर उन्हात उभी करा. अंडी राहून जातात, म्हणून आठ-दहा दिवसांनी पुन्हा करा. पाणी ओतताना मुले लांब ठेवा.

साबण-पाणी कुठे पुरत नाही तेही सांगतो. नाल्याचे किंवा पुराचे पाणी ज्या वस्तूला लागले, तिथे उंदरांच्या लघवीतून लेप्टोचे जंतू आलेले असू शकतात. आधी साबणाने स्वच्छ धुवा, मग लिटरभर थंड पाण्यात घरगुती ब्लीचचे दोन मोठे चमचे घालून त्याने पुसा, दहा मिनिटांनी धुऊन वाळवा. इथे नैसर्गिक उपायाचा हट्ट नको. मात्र ब्लीच एकटेच, हातात मोजे, पायात बूट, आणि पायाला जखम असेल तर ते काम दुसऱ्याने करावे.

आपल्या कितीतरी भगिनी कॉलनीतल्या गॅलऱ्या, झोपाळे आणि वेताच्या खुर्च्या धुवायला जातात. तिथे कबुतरांची विष्ठा हा रोजचा प्रश्न. 2025 साली दादरच्या कबुतरखान्यावरून एवढा गदारोळ झाला, त्यात ही विष्ठा खरवडणाऱ्या बाईबद्दल फार कोणी बोलले नाही. वाळलेल्या विष्ठेची धूळ फुप्फुसात गेली तर संसर्ग होऊ शकतो, आणि रोज जात राहिली तर फुप्फुसे कायमची खराब होऊ शकतात. ताई, कोरडे झाडू नका. आधी साबणाचे पाणी शिंपडून पूर्ण भिजवा, तोंडाला मास्क किंवा निदान घट्ट रुमाल बांधा, मग काढा. मालकिणीने अ‍ॅसिड आणि ब्लीच दोन्ही हातात दिले तर एकच घ्या आणि दुसरे का नको ते सांगा. मोजे मागा. ते कामाचे सामान आहे, झाडू मागता तसेच मागायचे.

शेवटी विहाराच्या खुर्च्या. कार्यक्रम झाला की त्या उघड्यावर राहतात आणि बैठकीच्या खळग्यात पाणी साठते. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात काठाला अंडी चिकटवतो. पाणी ओतून दिले तरी अंडी तिथेच कोरडी राहतात, महिनोन् महिने टिकतात आणि पुन्हा पाणी आले की फुटतात. म्हणून नुसते उलटे करून भागत नाही, काठ घासावा लागतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, त्यामुळे आठवड्यातून एक वार ठरवून घासले तरी चक्र तुटते. विनयपिटकात पाचित्तियातला चौदावा नियम नेमका याच गोष्टीचा आहे. संघाचा मंच, पीठ, गादी किंवा आसन उघड्यावर मांडून भिक्खूने ते आत न ठेवता, न ठेववता किंवा कोणाला न सांगता निघून जाऊ नये. पावसाचे नसलेले आठ महिने ते मांडवात किंवा झाडाखाली ठेवायची मुभा आहे, तीही जिथे कावळे-घारी घाण करणार नाहीत अशा जागी. आपल्याकडे 'कोणाला सांगून जाणे' एवढे जरी झाले तरी पुष्कळ. विहाराच्या फळ्यावर खुर्च्या आत घेणाऱ्याचे नाव दर आठवड्याला खडूने लिहा, आणि ते प्रत्येक वेळी महिला मंडळातलेच असू नये.