एक संगणक, दोन पडदे

संगणकाला दुसरा पडदा जोडावयाचा म्हणजे आणखी एक तार खोचावयाची, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः खरे ओझे असते ते पडद्यावरील चित्र अखंड, नव्याने पाठवीत राहण्याचे.

ब्रिटनमध्ये २०१९ साली निघालेल्या ‘रास्पबेरी पाय ४’ या तळहातावर मावणाऱ्या संगणकाचे उदाहरण घेऊ. बाजारात आला तेव्हा त्याची किंमत ३५ डॉलरपासून सुरू होत होती. तरीही पडद्यांसाठी त्याला दोन खाचा आहेत. ‘फोर-के’ पडद्यावर ३,८४० स्तंभ व २,१६० ओळी, म्हणजे सुमारे ८३ लाख बिंदू असतात. सेकंदास साठ चित्रे उमटवावयाची, तर दर सेकंदाला जवळजवळ ५० कोटी बिंदू पाठवावे लागतात. एवढा भार हा संगणक एकाच पडद्यासाठी पेलतो, आणि तोही वीजपुरवठ्यालगतच्या खाचेतूनच. दुसरा फोर-के पडदा जोडला, की प्रत्येकाच्या वाट्याला तीसच चित्रे येतात. मजकूर वाचताना हे जाणवत नाही. माउसचा बाण मात्र अडखळत सरकतो आणि दिवसभर काम करणाऱ्याला ते खुपते.

म्हणून १,९२० बाय १,०८० बिंदूंचे दोन साधे पडदे घेणे अधिक शहाणपणाचे. साठ चित्रांच्या वेगानेही दोहोंचे मिळून २५ कोटी बिंदूंत भागते. २०२३ सालचा ‘पाय ५’ दोन फोर-के पडदे साठच्या वेगाने चालवितो खरा. पण हिशेब व ग्रंथसूची शेजारी शेजारी मांडण्यासाठी त्याची गरज नाही. तार मात्र पाहून घ्यावी: या खाचांत ‘मायक्रो एचडीएमआय’ टोकच बसते, दूरचित्रवाणीची नेहमीची तार नव्हे.