कानाला न टेकणारे हेडफोन

पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते हेडफोन वाटतच नाहीत. डोक्यावर धातूची चौकट, कानशिलांवर टेकणाऱ्या दोन लहान गाद्या आणि दोन्ही बाजूंना जाळी बसवलेल्या दोन झडपा. झडपा कानाला शिवत नाहीत, नुसत्या समोर लटकतात. बिजागरीवर हलक्या हाताने फिरवल्या की दाराच्या फळीसारख्या बाहेर उघडतात, हव्या तेवढ्या. व्हिएन्नाच्या एकेजी कंपनीने १९८९ साली आणलेले हे के१०००. बाजारातून जाऊन त्यांना बरीच वर्षे लोटली, तरी ध्वनिवेड्या मंडळींत आजही त्यांचे नाव जिव्हाळ्याने निघते.

एकेजीची सुरुवात १९४७ सालची. युद्धात होरपळलेल्या व्हिएन्नात रुडॉल्फ ग्योरिके आणि एर्न्स्ट प्लेस यांनी ती उभी केली. नावातली तीन अक्षरे ज्या जर्मन शब्दांची आहेत त्यांचा अर्थ ध्वनी आणि सिनेमाची उपकरणे. पुढे कंपनीचे मायक्रोफोन जगभरच्या स्टुडिओंत पोचले. म्हणजे के१००० घडवणाऱ्यांना गाणे टिपणे आणि गाणे ऐकवणे ही दोन्ही टोके ठाऊक होती.

त्यांनी हात घातला तो हेडफोनच्या सर्वांत जुन्या दुखण्याला. स्पीकरवर गाणे लावले की गायिका समोर, दोन स्पीकरांच्या मधोमध उभी राहते. तेच गाणे हेडफोनवर ऐकले की ती थेट डोक्यात शिरते, दोन कानांच्या मध्ये, टाळूखाली कुठेतरी. असे का होते? डावीकडच्या स्पीकरचा आवाज डाव्या कानात पोचतोच, पण डोक्याला वळसा घालून उजव्या कानातही पोचतो, किंचित उशिरा आणि थोडा मंद होऊन. हा उशीर फार तर एका सेकंदाचा हजारावा भाग, तोही पुरा नव्हे, त्याच्या दोन तृतीयांशाच्या आसपास. मेंदूला तेवढा पुरतो. शिवाय बाहेरच्या कानाच्या वळ्या वरच्या सुरांना वेगवेगळा आकार देतात आणि आवाज पुढून आला की मागून, हे त्यावरून कळते. नेहमीचा हेडफोन कानाला घट्ट झाकतो, त्यामुळे डावा सूर डावीकडेच राहतो आणि उजवा उजवीकडेच. मेंदूला खुणाच मिळत नाहीत.

के१०००ची झडप उघडली की आवाज पुढून तिरपा येतो, कानाच्या वळ्यांवरून जातो, आणि त्यातला थोडा पलीकडच्या कानालाही लागतो. यासाठी कुठलीही इलेक्ट्रॉनिक करामत लागत नाही. एक बिजागरी पुरते.

ऐकताना हा फरक पहिल्या मिनिटातच कळतो. चार तंतुवाद्यांची मैफल असेल तर दोन व्हायोलिने, व्हायोला आणि चेलो कपाळाच्या थोडे पुढे, आपापल्या जागी बसतात. पूर्ण स्पीकरइतके दूर नाही, पण डोक्यातही नाही. पियानोची पट्टी दाबली जाणे, सूर उमटणे आणि सभागृहात तो विरत जाणे हे तीन वेगळे क्षण म्हणून ऐकू येतात. कानाभोवती बंद पोकळी नसल्याने आवाज कोंडत नाही. मानवी गळा तर यांचे खास राखीव क्षेत्र. गायिकेने घेतलेला श्वास, ओठांची उघडझाप, शब्दाच्या शेवटी हळूच सोडलेला सूर, सगळे न खेचता, न चमकवता कानी येते.

आपल्याकडचा ऐकणारा मनात लगेच तानपुरा आणेल, आणि ते योग्यच आहे. उत्तम लागलेल्या मिरजेच्या तानपुऱ्याची जवारी उघडी असली की एका षड्जातून वरचे स्वर पाकळ्यांसारखे एकामागून एक उलगडतात. अनेक महागडे हेडफोन या उलगडण्याचा एकच गुणगुणता पट्टा करून टाकतात. पाकळी न पाकळी सुटी दाखवायला लागते तीच चपळाई आणि तोच मोकळेपणा हे के१०००चे बलस्थान आहे.

डग्ग्याची घुमक मात्र तिथे शोधू नये. पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि पाठीमागची विरळ होते. कानाभोवती गादीची भिंत नसल्याने खालच्या सुरांच्या पुढच्या-मागच्या लाटा एकमेकींना गिळून टाकतात. झडप जितकी उघडी, तितका खर्ज पातळ. म्हणजे समोरचा रंगमंच हवा तर पायाखालची जमीन थोडी द्यावी लागते. हा व्यवहार ऐकणाऱ्याने दर रेकॉर्डिंगला नव्याने करायचा. काही हौशी लोक खोलीत सबवूफर लावून खालचा भाग त्याच्याकडे सोपवतात. कान उघडेच असल्याने तो सरळ ऐकू येतो!

दुसरी अट विजेची. चांगला नेहमीचा हेडफोन एका मिलिवॉटवर ९५ ते १०० डेसिबलपर्यंत जातो, के१००० जेमतेम ७४. अठ्ठ्याण्णव डेसिबलच्या हेडफोनएवढा आवाज काढायला त्यांना सुमारे २५० पट शक्ती द्यावी लागते. म्हणून सोबत एक जोडवायर यायची, जिच्या शेवटी प्लग नव्हे, उघड्या तारा असत. त्या सरळ स्पीकरच्या अॅम्प्लिफायरला लावायच्या. डोक्यावरचे वजन मात्र २७० ग्रॅम, आणि कान झाकलेले नसल्याने तासन्‌तास ऐकले तरी घाम येत नाही. शेजारी बसलेल्यालाही सगळे गाणे ऐकू जाते, त्यामुळे लोकलमध्ये यांचे काम नाही. ही रात्रीच्या शांत खोलीतली वस्तू आहे.

कानापासून दूर राहण्याची कल्पना त्याआधीही कोणाला सुचली होती. स्वित्झर्लंडचे ध्वनिमुद्रक युर्ग येकलिन यांचे 'फ्लोट' १९७०च्या दशकात असेच कानांभोवती तरंगत असे. पण बिजागरी फिरवून स्वतःचा रंगमंच स्वतः उघडण्याची मोकळीक के१०००ने दिली.

झडपा नेहमी उघड्याच हव्यात असे मात्र नाही. कृत्रिम मस्तकाच्या दोन कानांत मायक्रोफोन ठेवून केलेली मुद्रणे हा वेगळा प्रकार. लू रीडचा १९७८चा 'स्ट्रीट हॅसल' हा अल्बम या तंत्राने ध्वनिमुद्रित झाला होता. अशा मुद्रणात दिशेच्या खुणा आधीच भरलेल्या असतात, म्हणून तेव्हा झडपा मिटून ऐकणेच इष्ट. एकाच यंत्राने दोन्ही तऱ्हा सांभाळाव्यात, ही त्या बिजागरीची आणखी एक देणगी.

के१०००चे उत्पादन या शतकाच्या पहिल्या दशकात थांबले. २०१७ साली एकेजीचे व्हिएन्नातले कामकाजही बंद झाले. तिथल्याच काही मंडळींनी त्याच शहरात ऑस्ट्रियन ऑडिओ सुरू केली. के१०००ची कल्पनाही व्हिएन्नातच पुन्हा उभी राहिली. 'मायस्फिअर' नावाच्या हेडफोनमध्ये लहान चौकोनी पडदे कानापुढे लटकतात, बिजागरीवर फिरतात, आणि त्यांना आता स्पीकरच्या अॅम्प्लिफायरची गरज लागत नाही. सर्बियाच्या 'राल' कंपनीने तर पातळ धातूची पट्टी हवेत हलवणारे एसआर१ए बनवले. त्यांच्याही झडपा बाहेर उघडतात.