हॉटेलातला कामगार नेमका कोणाचा?

मुंबईच्या उडुपी हॉटेलांत नोकरभरतीची जाहिरात क्वचितच निघे. मालक गावाहून मुले आणी, नाहीतर आचारीच आपल्या पुतण्याला घेऊन येई. तो मुलगा हॉटेलात जेवे, तेथेच झोपे, जमल्यास रात्रशाळेत जाई. या व्यवस्थेत पिळवणूक नव्हती असे कोणी म्हणणार नाही. पण कामगार कोणाचा, हा प्रश्न तीत उद्भवत नसे.

आज अनेक हॉटेलांतील वेटर, मदतनीस व भांडी घासणारे ठेकेदारामार्फत येतात. मालकांची अडचण खोटी नाही. माणूस न सांगता गावी जातो. ठेकेदार दुसऱ्या दिवशी बदली पाठवितो. लग्नसराईत चार हात अधिक लागतात, पुढे लागत नाहीत. अशा कामापुरता ठेकेदार उपयुक्तच आहे.

परंतु वर्षभराच्या कामाचे गणित वेगळे निघते. समजा, वेटरचे वेतन १५,००० रुपये व ठेकेदाराचे कमिशन ८ टक्के आहे. बिल १६,२०० रुपयांचे झाले. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,९१६ रुपये. बहुसंख्य उपाहारगृहे ग्राहकाकडून ५ टक्केच कर घेतात आणि त्या बदल्यात त्यांना खर्चावरील कराची वजावट मिळत नाही. म्हणजे दरमहा ४,११६ रुपये मालकाच्या खिशातून जातात आणि वेटरच्या हाती त्यातला एक पैसाही पडत नाही. यातील निम्मी रक्कम पगारात घातली, तर तो न सांगता गावी जाण्यापूर्वी दोनदा विचार करील!

कायद्याचा कलही इकडेच आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या श्रमसंहितांनुसार आस्थापनेच्या मुख्य कामासाठी कंत्राटी कामगार लावण्यास, काही अपवाद वगळता, मनाई आहे. कारखान्यातील उपाहारगृह हे मुख्य काम नव्हे. पण हॉटेलात रांधणे-वाढणे याहून मुख्य ते काय असणार? मात्र ही तरतूद ५० किंवा अधिक कंत्राटी कामगार असलेल्या आस्थापनांपुरती आहे, आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलात एवढी माणसे कोठून असणार?

तेथे पगार थकला की वेटर ठेकेदाराच्या कचेरीत जातो. कचेरी त्याला हॉटेलात पाठविते, हॉटेल पुन्हा कचेरीत. ठेकेदाराने वेतन बुडविल्यास ते देण्याची जबाबदारी हॉटेलमालकावर येते, असे वेतन संहिता सांगते. वेटरला हे सांगण्याची घाई मात्र दोघांपैकी कोणालाच नसते.