जुना कॉम्प्युटर आणि गिऱ्हाइकांचे निरोप

पेढीवरचा कॉम्प्युटर आम्ही २०१२ साली घेतला. विंडोज ७, दोन जीबी रॅम. हिशेब, बिले, उधारीची यादी, सारे त्याच्यावर निभावले. परंतु २०२५ च्या रमजानपूर्वी इचलकरंजीच्या एका व्यापाऱ्याने दुपट्ट्यांचे चाळीस नमुने व्हॉट्सअ‍ॅपवर मागितले आणि फोटो चढविता चढविता यंत्र गोठले. फोटो पोहोचेपर्यंत दुपार टळली. त्याने माल दुसऱ्याकडून उचलला होता. दुरुस्तीवाला म्हणाला, "चाचा, फेकून द्या, नवा घ्या." चालते यंत्र फेकणे म्हणजे इस्राफ, म्हणून आम्ही आधी चौकशी केली. तीच व्यापारी व कारागीर बांधवांसमोर ठेवीत आहोत.

दोष एकट्या यंत्राचा नव्हे. २०१५ साली आलेले व्हॉट्सअ‍ॅप वेब ब्राउझरमध्ये चालते. म्हणजे चार ओळींच्या निरोपासाठी अख्खा ब्राउझर पोसावा लागतो आणि तो काही शे एमबी रॅम खातो. कंपनीने २०२२ साली विंडोजसाठी हलके, स्वतंत्र अ‍ॅप दिले होते. २०२५ अखेरीस त्याच्या जागी पुन्हा वेबच्याच बांधणीचे आणले. (सुताच्या वजनात गोणपाटही धरावे, तसा हा प्रकार.) विंडोज ७ वर तर ते चालतच नाही. क्रोमची जानेवारी २०२३ मधील १०९ वी आवृत्तीही विंडोज ७ साठी शेवटचीच ठरली. खालेद मर्दम-बे यांनी १९९५ साली काढलेला एमआयआरसी हा गप्पांचा प्रोग्रॅम त्या काळच्या मोजक्या एमबी रॅमवर चालत असे!

प्रथम आम्ही टेलिग्रामचा डेस्कटॉप प्रोग्रॅम टाकून पाहिला. तो ब्राउझरवर बांधलेला नाही, विंडोज ७ वरही चालतो. आमच्याकडे सुरळीत चालला. पण गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवर, त्याला काय करणार? शिवाय टेलिग्रामचे साधे संभाषण दोन्ही टोकांपर्यंत कुलूपबंद नसते, तेव्हा बँकेचा तपशील त्यावर लिहू नये. 'हलके व्हॉट्सअ‍ॅप' म्हणून मिळणाऱ्या अनधिकृत प्रोग्रॅमच्या वाटेला तर जाऊच नये. खाते बंद होते, निरोप कोणाच्या हाती पडतील याचा भरवसा नाही.

खरी काळजी मात्र वेगळीच निघाली. विंडोज ७ ची सुरक्षा दुरुस्ती १४ जानेवारी २०२० रोजीच थांबली. विंडोज १० चीही नियमित मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. अशा यंत्रावर इंटरनेट जोडून त्यातच लोकांचे खातेक्रमांक व उधारी ठेवणे म्हणजे दुसऱ्याची अमानत उघड्या ओट्यावर ठेवणे होय.

म्हणून आम्ही कामाची वाटणी केली. हिशेबाचे यंत्र तेच, त्याची इंटरनेटची तार काढली. मुलाच्या जुन्या लॅपटॉपमध्ये रॅम चार जीबी केली, हार्ड डिस्क काढून एसएसडी बसविली आणि लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाकली. तिला किमान दोन जीबी लागतात, पण सोयीने चालण्यास चारच हवेत. नस्तालीक फाँट घातल्यावर मालेगावच्या कारखानदारांचे उर्दू निरोपही नीट दिसू लागले. फायरफॉक्समध्ये व्हॉट्सअ‍ॅप एवढेच उघडे ठेवतो. मोबाईल सतत चालू असण्याची गरज नाही. मात्र तो चौदा दिवस वापरला नाही तर जोडलेला कॉम्प्युटर आपोआप बाहेर पडतो, हे उमरा-हजला जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

इचलकरंजीच्या त्या व्यापाऱ्याने पुढच्या हंगामात पुन्हा नमुने मागितले. या खेपेस फोटोंचा आकार कमी करून दहा-दहाच्या गठ्ठ्याने पाठविले. जोहरच्या आत त्याचे उत्तर आले. भावावर घासाघीस अजून चालू आहे.