अर्ध्या तासाचे अंतर (भाग ९)

कारखान्याच्या विजेची मर्यादा क्षणाक्षणाला मोजली जात नाही. कॉन्ट्रॅक्ट डिमांड १२५० केव्हीए असताना भार दोन मिनिटे १५०० वर गेला, तर तेवढ्याने दंड बसत नाही. मीटर अर्ध्या तासाची, काही ठिकाणी पाव तासाची, सरासरी धरतो आणि महिन्यातली सर्वांत मोठी सरासरी बिलावर चढते. शिरोलीच्या एका फाउंड्रीतून आलेला प्रश्न यातूनच उद्भवला आहे. दोन इंडक्शन भट्ट्यांमध्ये वीस मिनिटांचे अंतर ठेवल्यावर डिमांड आटोक्यात आली. मग भट्ट्या, माल, हीटची संख्या तीच असताना एका दिवशी ती वर कशी गेली?

पॉवर फॅक्टर एकाच्या जवळ धरू, म्हणजे किलोवॉट आणि केव्हीए एकच. कॉम्प्रेसर, सँड प्लँट वगैरेंचा कायमचा भार ३००. प्रत्येक भट्टी ६०० ची. ४० मिनिटे पूर्ण पॉवर, पुढची २० मिनिटे टॅपिंग, स्लॅग काढणे आणि नवे चार्जिंग, तेव्हा पॉवर बंद. दोन्ही भट्ट्या ९ वाजता एकदम चढवल्या तर पहिल्या अर्ध्या तासाची सरासरी सरळ १५००.

आता पहिली ९ ला आणि दुसरी ९.२० ला. दोन्ही एकत्र चालतात ९.२० ते ९.४०, आणि मीटरची सीमा ९.३० ला या वीस मिनिटांचे बरोबर दोन तुकडे करते. दोन्ही अर्ध्या तासांत भट्ट्यांची मिळून ४० मिनिटेच भरतात, सरासरी ११००. पण सकाळी स्क्रॅप यायला उशीर झाला आणि सगळे दहा मिनिटांनी सरकले, की एकत्र चालण्याचा काळ ९.३० ते ९.५० होतो, म्हणजे सबंध एकाच अर्ध्या तासात पडतो. भट्ट्यांची मिनिटे ५०, सरासरी १३००. प्रश्नाचे उत्तर हेच. आधीचे यश अंतराचे नव्हतेच, घड्याळाचे होते.

अंतर वीसऐवजी तीस मिनिटे ठेवले तर अर्ध्या तासाच्या मीटरवर घड्याळाची सत्ताच संपते. पहिल्या भट्टीने मागच्या अर्ध्या तासात जे केले, तेच दुसरी या अर्ध्या तासात करते. म्हणून कोणताही अर्धा तास घ्या, दोघींची बेरीज एका भट्टीच्या पूर्ण तासाइतकी, म्हणजे ४० मिनिटे. सगळे वेळापत्रक कितीही सरकले तरी सरासरी ११०० च. या सगळ्या विषयात इतका साधा आणि इतका भक्कम निष्कर्ष क्वचित हाती लागतो.

त्याला धक्का बसतो तो एकच भट्टी मागे पडते तेव्हा. ओले स्क्रॅप, स्पेक्ट्रोच्या रिपोर्टची वाट, मोल्ड तयार नसणे. दहा मिनिटे सहज जातात आणि अंतर चाळीस होते. चाळीसचे अंतर म्हणजे उलट बाजूने पुन्हा वीसच, आणि १३०० चा धोका परत उभा. १२५० च्या मर्यादेत अर्ध्या तासाला भट्टीची साडेसत्तेचाळीस मिनिटे बसतात, म्हणजे काढायची आहेत फक्त अडीच. एका भट्टीची पॉवर पाच मिनिटे निम्मी केली की ती निघतात. थोडी सूट ठेवून सात मिनिटे करावी. पॉवर कमी करायची ती नुकत्याच चढलेल्या भट्टीची. टॅपिंगला आलेली भट्टी रोखली तर मोल्डिंग लाइन अडते. एसजी आयर्न असेल तर आणखी एक पथ्य : लॅडलमध्ये मॅग्नेशियमची प्रक्रिया झाल्यावर त्याचा परिणाम उतरू लागतो, धातू साधारण दहा मिनिटांत ओतावा लागतो. थांबायचे ते प्रक्रियेच्या आधी, भट्टीतच.

एवढी काळजी का, ते महावितरणचे उच्चदाब बिल सांगते. मर्यादेवरच्या केव्हीएला डिमांड चार्ज दीडपट लागतो. एका सकाळचा गोंधळ असा सबंध महिन्याच्या बिलावर चढतो.

तिसरी भट्टी आली की मात्र अंतराची युक्ती अपुरी पडते. तीन भट्ट्यांना तासाला १२० मिनिटे हवीत, मर्यादेत बसतात ९५. कसेही सरकवले तरी पंचवीस मिनिटे उरतातच. कोणती हीट आधी घ्यायची आणि कोणती रात्रपाळीवर टाकायची, हे ठरवावेच लागते. कोंडिली, पँटेलिडेस आणि सार्जंट यांची बॅच उत्पादनाच्या वेळापत्रकाची १९९३ ची मांडणी या निवडीसाठीच उपयोगी पडते. ती याच भागात यायची होती. आता पुढच्या आठवड्यात, याच तीन भट्ट्यांवर.