हुकाचं भोक

मे महिना. शेवगावातून पैठणकडे जाणाऱ्या रस्त्याला, पत्र्याच्या शेडपुढे, जुने ट्रॅक्टर ओळीनं उभे आहेत. हंगाम संपला की अशी रांग लागतेच. भेंड्याचा ज्ञानेश्वर, बोधेगावचा केदारेश्वर, नजीक बाभुळगावचा गंगामाई, पलीकडं आदिनाथनगरचा वृद्धेश्वर. चहूअंगांनी साखर कारखाने, त्यामुळे इथं जुन्या ट्रॅक्टरबद्दल पहिला प्रश्न ठरलेला असतो: ऊस वाहिलाय का?

"छे हो दाजी, घरचा ट्रॅक्टर. नांगरट, पाळी, बस," एजंट सांगतो.

दाजी नुसतेच हुंकारतात. कपाशीच्या आधी रोटाव्हेटर मारायला त्यांना ५० एचपीचा हवाय. सोबत आणलेला मिस्त्री बॉनेटवर तळहात टेकवतो. गार आहे, म्हणजे गिऱ्हाईक यायच्या आधी तापवून ठेवलेला नाही. मीटर २,१०० तासांवर थांबलाय आणि त्याची केबल खाली लोंबतेय, त्यामुळे त्या आकड्याकडं कुणी बघतही नाही. मिस्त्री सरळ मागं जाऊन उकिडवा बसतो.

हुकाला ताजा काळा रंग दिलाय. मिस्त्री पिन उपसतो आणि भोकात बोट फिरवतो. बैल घेताना जुवाखालची मान चाचपावी, तसा सावकाश. मग मलाही बोट घालायला लावतो. भोक गोल राहिलेलं नाही. मागच्या अंगाला लांबट झालंय आणि तिथलं लोखंड काचेसारखं गुळगुळीत लागतंय. दोन्ही बाजूंना जाड पट्ट्या वेल्डिंग करून चढवल्यात.

"शेणखताच्या ट्रॉलीला एवढं लोखंड कशाला लागतंय?" मिस्त्री विचारतो. एजंट मोबाईल काढतो.

आता पीटीओचं टोपण निघतं. शाफ्टचे दात कोरे, धारदार, खाचांत मूळचा रंगसुद्धा शाबूत. शेतात राबलेल्या ट्रॅक्टरचे हे दात झिजतात, लिफ्टचे हात सैल पडतात. उसाच्या ट्रॅक्टरचं उलट असतं. लिफ्ट नवीकोरी, पण क्लच, ब्रेक आणि गिअरबॉक्स थकलेले. दोन ट्रॉल्यांत २० टनांच्या आसपास ऊस भरून चढ चढायचा म्हणजे पुढची चाकं उचलू बघतात, म्हणून तोंडावर वजनं बांधतात. ती काढून घेतलीत, बोल्टाच्या खुणा तेवढ्या राहिल्यात. मडगार्डवरही ओळीनं स्क्रूची भोकं आहेत.

"इथं स्पीकर होते," मिस्त्री म्हणतो. "नांगरताना एवढी गाणी कोण ऐकतंय?"

दाजींनाही हसू आवरत नाही. एजंटही हसतो आणि मग मोकळा होतो. ट्रॅक्टर बीड पासिंगचा. मालकानं कारखान्याशी वाहतुकीचा करार केला, मुकादमाला ऊसतोडणीच्या टोळीसाठी उचल दिली. निम्मी टोळी आलीच नाही. उचल अंगावर, वर फायनान्सचे हप्ते. या रांगेतले किती ट्रॅक्टर खरोखर मोडकळीला आलेत आणि किती नुसत्या उचलीपायी इथं उभे आहेत, हे हुकावरून कळत नाही. माझ्या मते ऊस वाहिलेला ट्रॅक्टर बाद धरू नये. फक्त घरच्या ट्रॅक्टरचा भाव देऊ नये.

इंजिन चालू होतं. मिस्त्री तेलाचं झाकण काढून वर हात धरतो. थोडी वाफ, धक्का नाही. "इंजिन मारत न्हाई." मग वरचा गिअर, ब्रेकवर पाय, आणि क्लच हळूहळू सोडतो. इंजिन तिथल्या तिथं बंद पडायला हवं. ते रडत, गुरगुरत चालूच राहतं.

"क्लचप्लेट गेली. पोकळ घसरतोय."

"सव्वाचार सांगितलेत. क्लचचे वजा करू," एजंट म्हणतो.

"अन् हुकाचे? मागच्या टायरांचे? मधले कंगोरे डांबरावरच घासलेत," दाजी पहिल्यांदा तोंड उघडतात. "साडेतीन. आन बोजा उतरवून एनओसी, फॉर्म ३५, मालकाच्या सहीचे २९ आन ३० हातात पडल्याशिवाय पुढचा रुपया न्हाई. आज इसार ११ हजार."

एजंट मालकाला फोन लावतो आणि बोलत बोलत शेडमागं जातो. मिस्त्री तोवर मागचं चाक जॅकवर उचलून पुढंमागं हलवतो आणि कान लावतो. आतून टक्क असा आवाज येतो.

"क्राऊनमध्ये खेळ हाय," तो दाजींना हळूच सांगतो. "सव्वातीनच्या वर जाऊ नका."